डॉ. सुशीला नायर : वैद्य, शिष्या आणि मंत्री

वैद्यकीचा व्यवसाय सोडून राजकारणात शिरलेल्या माणसांची चरित्रे लिहिताना आपल्याकडील चरित्रकारांस एक खोड जडलेली दिसते. नायकाचे वैद्यक ते पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच उरकून घेतात. परीक्षा कोणती दिली, दवाखाना कोठे थाटला, एवढे सांगून झाले की पुढे त्या दवाखान्याचे नाव म्हणून निघत नाही. नागपूरचे डॉ. मुंजे नेत्रवैद्य होते, ही गोष्ट त्यांच्या राजकारणावर हिरिरीने वाद घालणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असते? पनवेलला जन्मलेले आणि १९३७ साली मध्यप्रांताचे मुख्य प्रधान झालेले डॉ. ना. भा. खरे यांच्याविषयी बोलताना १९३८ चा मंत्रिमंडळाचा तंटा सर्वांस आठवतो. त्यांनी नागपुरात रोग्यांच्या नाड्या पाहण्यात किती वर्षे घालविली, याची कोणी चौकशी करीत नाही. 'डॉक्टर' ही तीन अक्षरे नावाच्या आधी शोभेपुरती उरतात, आणि माणूस जणू जन्मतःच पुढारी होता असे वाचकास वाटू लागते.

आमच्या मते ही खोड केवळ वाङ्मयीन दोष नाही. तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचाच राहून जातो. एका रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या श्वासाचे अंतर मोजण्याची सवय ज्या मनाला लागलेली आहे, त्या मनाचे हजारो गावांचा कारभार हाती आल्यावर काय होते? ती सवय त्यास उपयोगी पडते, की अडचणीची होते, की हळूहळू मरून जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ज्या राजकारणी वैद्याने रुग्णशय्येजवळच्या आपल्या दिवसांचे लिखित साधन मागे ठेविले आहे, अशा वैद्याचे चरित्र घ्यावयास हवे. डॉ. सुशीला नायर यांचे चरित्र या दृष्टीने फार मोलाचे आहे. आणि ते साधन पुण्यातच घडलेले असल्यामुळे आपल्या वाचकांस त्याची ओळख करून देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सुशीलाबाईंचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, घराणे पंजाबी. गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल हे त्यांचे वडीलबंधू. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९३९ साली त्या सेवाग्रामास आल्या. आल्याबरोबर वर्ध्याच्या परिसरात पटकीची साथ उठली आणि नुकतीच पदवी घेतलेल्या या मुलीने ती जवळजवळ एकटीने हाताळली, असे तेथील लोक सांगत. तेव्हापासून गांधीजींच्या प्रकृतीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे दिल्लीत वरची पदवी संपादून त्या परतल्या, आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत कस्तुरबांबरोबर त्यांनाही अटक झाली. दोन दिवसांनी दोघींना पुण्यास आगाखान महालात आणण्यात आले. त्या वेळी सुशीलाबाईंचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

स्वारगेटास राहणाऱ्या माणसाला हे स्थळ आज मुळीच दूर राहिलेले नाही. तेथील भुयारी स्थानकातून मेट्रोत बसावे, वाटेत एकदा गाडी बदलावी आणि कल्याणीनगरास उतरून थोडेसे चालावे, की तो महाल दिसू लागतो. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली बांधविलेली ही कमानींची प्रशस्त वास्तू चौथ्या आगाखानांनी १९६९ साली राष्ट्राच्या स्वाधीन केली. शाळेच्या सहलीतून एकदा ती पाहिली, की पुणेकर पुन्हा तिकडे सहसा फिरकत नाही. परंतु या महालात एकवीस महिने काय घडले हे जाणून घ्यावयाचे असेल, तर भिंतीवरील तसबिरींपेक्षा सुशीलाबाईंचे 'बापू की कारावास-कहानी' हे हिंदी पुस्तक हाती घ्यावे. त्याची हिंदी साधी आहे. मराठी वाचकास ती कोठे अडखळवीत नाही.

पुस्तकाचे पहिले मोठे प्रकरण म्हणजे महादेवभाई देसाई यांचा मृत्यू. कारावासाचा पहिलाच आठवडा होता, १५ ऑगस्ट १९४२. सकाळी हिंडणेफिरणे आटोपून महादेवभाई सरोजिनीबाईंच्या खोलीत, भेटीस आलेल्या तुरुंगाधिकाऱ्याशी बोलत बसले होते. बोलता बोलता ते कोसळले. सुशीलाबाई धावत आल्या तेव्हा नाडी लागत नव्हती. त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. एखाद्या कसलेल्या लेखकाने येथे आसवांचा पूर आणला असता. सुशीलाबाई मात्र क्रमाने सांगत जातात: कोणी हाक मारली, आपण कोठे होतो, हातास काय लागले, गांधीजी कसे आले आणि त्यांनी निश्चेष्ट पडलेल्या महादेवांना कशा हाका मारल्या. रोग्याचा कागद लिहिताना वैद्याला जी शिस्त पाळावी लागते, तीच शिस्त येथे लेखनाला आलेली आहे. आणि त्या शिस्तीमुळेच प्रसंग वाचकाच्या अंतःकरणास अधिक जाऊन भिडतो. आमच्या मते या पुस्तकाचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण हाच होय.

दुसरा गुण गांधीजींच्या उपवासाच्या वर्णनात दिसतो. १० फेब्रुवारी १९४३ पासून ३ मार्चपर्यंत एकवीस दिवस हा उपवास चालला. त्या काळात महालाच्या एका खोलीत जमलेली वैद्यमंडळी पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांना येरवड्याच्या तुरुंगातून तेथे आणले होते. १९३७ साली मुंबई इलाख्याचे आरोग्यखाते त्यांनी सांभाळले होते. कलकत्त्याहून डॉ. बिधनचंद्र रॉय आले. पुढे १९४८ पासून १९६२ पर्यंत ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. तिसऱ्या सुशीलाबाई; १९६२ साली त्या साऱ्या देशाच्या आरोग्यमंत्री व्हावयाच्या होत्या. एक माजी मंत्री आणि दोन भावी मंत्री एकाच खाटेभोवती उभे राहून एका वृद्धाचे मूत्र तपासत होते, वजन घेत होते आणि सरकारी वैद्यांबरोबर प्रकृतीच्या पत्रकावर सह्या करीत होते. बाराव्या दिवसाच्या सुमारास नाडी इतकी क्षीण झाली, की आशा सुटल्यासारखी वाटली. पाण्यात मोसंब्याचा रस घालण्यास गांधीजींनी मान्यता दिली आणि तो घोट पोटात राहिला, तेव्हा कोठे सर्वांचा जीव खाली बसला. सरकारने तर अखेरची तयारी करून चंदनाची लाकडेही आणून ठेविली होती. तेच चंदन पुढल्या वर्षी कस्तुरबांच्या चितेस लागले.

या उपवासाच्या हकिकतीत राजकारण आहेच. व्हाइसरॉयचा पत्रव्यवहार आहे, देशभरची खळबळ आहे. परंतु सुशीलाबाईंच्या लेखणीचे लक्ष त्या खाटेवरून ढळत नाही. पाणी किती प्याले, मळमळ केव्हा झाली, झोप किती लागली, यांची नोंद त्यांना पत्रव्यवहाराइतकीच महत्त्वाची वाटते. कित्येक वाचकांस हा भाग कंटाळवाणा होईल. आम्हांस तो तसा वाटत नाही. ज्या देशात थोर पुरुषांची शरीरे त्यांच्या हयातीतच लोकांच्या दृष्टीने नाहीशी होतात आणि उरतात केवळ त्यांच्या तसबिरी, त्या देशात महात्म्यालाही आतडी असतात, हे सांगणारी लेखिका मोठेच काम करीत असते.

येथे एका गमतीदार योगाचा उल्लेख करावयास हवा. याच कारावासात, १९४२ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, गांधीजींनी आरोग्यावरील आपले छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले. माती, पाणी, हवा आणि आहार हेच मुख्य उपचार होत, असे सांगणारे हे पुस्तक; आणि त्याचा इंग्रजी अनुवाद केला तो आधुनिक वैद्यकाची वरची पदवी घेतलेल्या सुशीलाबाईंनी. रोग्याने वैद्यकावर ग्रंथ लिहावा आणि वैद्याने तो निष्ठेने भाषांतरित करावा, असे उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच सापडेल. परंतु वैद्य आणि शिष्या या दोन भूमिकांतील ओढाताण येथेच सुरू होते, आणि पुस्तकाच्या अखेरच्या भागात ती तीव्र होते.

हा अखेरचा भाग म्हणजे कस्तुरबांचे आजारपण. हृदय दुबळे झालेले, श्वासनलिकेचा जुना विकार, आणि शेवटी मूत्रपिंडे काम करीनाशी झालेली. बांनी वैद्याची आणि निसर्गोपचाराची मागणी केली. सरकारने पुष्कळ चालढकल केल्यावर पुण्याचे डॉ. दिनशा मेहता व लाहोरचे वैद्य शिवशर्मा यांना येण्याची परवानगी मिळाली. पण रात्री आत राहण्याची मुभा नसल्यामुळे वैद्यराजांना काही रात्री महालाच्या फाटकाबाहेर मोटारीत झोपावे लागले. वैद्यराजांचे औषध चालू असता डॉ. गिल्डर आणि सुशीलाबाई यांनी आपली चिकित्सा थांबविली, आणि त्यांनी हात टेकल्यावर ती पुन्हा सुरू केली. प्रतिस्पर्धी पद्धतीच्या वैद्याला रोगी असा निमूटपणे सोपविणे आणि तितक्याच निमूटपणे परत घेणे याला मनाचा केवढा मोठेपणा लागतो, हे या धंद्यातील माणूसच जाणेल.

मग पेनिसिलीनचा प्रसंग येतो. धाकटे चिरंजीव देवदास यांनी हे औषध कलकत्त्याहून विमानाने मागविले. १९४४ साली ते दुर्मिळ होते, लष्करासाठी राखलेले होते, आणि दर काही तासांनी टोचावे लागत असे. टोचावे लागणार हे समजताच गांधीजींनी नकार दिला. देवदासांनी आग्रह केला. पित्याने ऐकले नाही. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबांनी पतीच्या मांडीवर देह ठेविला. पुढे दोन महिन्यांतच गांधीजींना हिवताप आला आणि प्रथम नाकारून नंतर त्यांनी स्वतः क्विनाइन घेतले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून गांधीजींवर दुटप्पीपणाचा आरोप करण्याची प्रथाच पडली आहे. तो आरोप आम्हांस पुरता न्याय्य वाटत नाही. हिवताप क्विनाइनने हमखास उतरणारा. उलट मूत्रपिंडे थकलेल्या आणि हृदय खचलेल्या बांना पेनिसिलीनने कितपत तारले असते, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा होती. मरणाच्या दारात पोचलेल्या माणसाला आणखी किती टोचावे, हा प्रश्न आजही प्रत्येक घरात कधी ना कधी येतो, आणि त्याचे सर्वांना पटणारे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

मात्र वाचकास या ठिकाणी जे हवे असते ते त्याला पुरेसे मिळत नाही. पित्याचे मत कळते, पुत्राचे कळते. उशाशी उभ्या असलेल्या वैद्याचे स्वतंत्र मत काय होते? आणि ते निराळे असते, तर ते उघड बोलण्याची मोकळीक तिला होती काय? महादेवभाईंच्या मृत्यूच्या वेळी जी लेखणी इतकी निर्भीडपणे स्वतःला विसरून गेली, ती येथे भक्तीच्या आड उभी राहिल्यासारखी वाटते. आपण पहिली भूमिका निवडली की दुसरी, हे तिने सांगितले असते, तर हे पुस्तक गांधीवाङ्मयातील उत्तम साधन तर राहिले असतेच, शिवाय वैद्यकाच्या नीतिशास्त्रातील एक प्रमाणग्रंथही ठरले असते. हा दोष दाखविताना लेखिकेच्या निष्ठेचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु निष्ठा हा चारित्र्याचा गुण असला, तरी समीक्षेत ती पुरावा म्हणून चालत नाही.

याच महालातील दुसरी रोजनिशी आता उपलब्ध आहे, ती मनू गांधी यांची. बांच्या शुश्रूषेसाठी १९४३ साली आलेल्या या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची १९४३-४४ ची रोजनिशी इंग्रजी अनुवादासह २०१९ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. मनूच्या लेखनात घरातील पोर बोलते. अभ्यास, कामे, रुसवे, शिकवणी. सुशीलाबाईंच्या लेखनात जबाबदारी घेतलेली स्त्री बोलते. मनू जेथे बापूंकडे पाहते, तेथे सुशीलाबाई बापूंच्या प्रकृतीकडे पाहतात. हा भेद लहान वाटला तरी त्यानेच सुशीलाबाईंच्या पुढील आयुष्याची दिशा ठरविली, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्यानंतर सुशीलाबाई सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. परत आल्यावर १९५२ साली दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या, नंतर तेथील विधानसभेच्या सभापती. १९५७ साली त्या झाशीतून लोकसभेवर निवडून आल्या. १९६२ व १९६७ सालीही तेथूनच. १९६२ ते १९६७ या काळात केंद्राचे आरोग्यखाते त्यांच्याकडे होते. रोग्याच्या उशापासून निघालेली ही स्त्री आता चाळीस-पंचेचाळीस कोटी लोकांच्या प्रकृतीस जबाबदार झाली.

या पाच वर्षांचा हिशेब निःपक्षपातीपणे मांडला तर जमेची बाजू लहान नाही. देवीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ साली सुरू झाली. ती पुढे अनेकांच्या हातून गेली आणि १९७७ साली देश देवीमुक्त ठरला. हिवताप तर १९६५ साली इतका ओसरला होता, की वर्षाचे रोगी सुमारे एक लाखावर आले. परंतु पुढे दक्षता ढिली पडली, डासांनी औषधांस दाद देणे सोडले आणि १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांपलीकडे गेला. याचे खापर एकट्या सुशीलाबाईंवर फोडणे अन्यायाचे होईल. त्या १९६७ सालीच खात्यातून बाहेर पडल्या होत्या. मात्र फवारणीच्या पथकांवर भिस्त ठेवून चाललेली मोहीम आणि गावात कायमचा राहणारा दवाखाना यांत काय अंतर असते, याचा हा धडा विसरण्यासारखा नाही.

खरी कसोटी लागली ती कुटुंबनियोजनाच्या बाबतीत. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांस गांधीजींचा कडवा विरोध होता, हे सर्वविदित आहे. आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ पासून त्या साधनांचा पुरस्कार केला आणि 'समाजस्वास्थ्य' मासिकातून जन्मभर समाजाचा व न्यायालयांचा रोष पत्करला. १९५३ साली ते वारले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९६५ साली, केंद्र सरकारने स्त्रियांच्या गर्भाशयात बसवावयाच्या 'लूप'ची मोहीम देशभर सुरू केली, आणि त्या वेळी आरोग्यखाते होते गांधीजींच्या शिष्येकडे! काळाने घेतलेला हा सूड पाहून कर्वे हसले असते. आम्ही मात्र सुशीलाबाईंस याबद्दल दोष देत नाही. मंत्र्याने आपल्या गुरूची मते राज्यकारभारावर लादू नयेत, हेच योग्य.

दोष आहे तो निराळ्या जागी. लूप बसविणे सोपे होते. बसविल्यानंतर ज्या बाईला रक्तस्राव होतो, वेदना होतात, तिची विचारपूस करणे अवघड होते. खेड्यात स्त्री-वैद्य नव्हती, पुन्हा तपासणीची सोय नव्हती; होती ती ठरवून दिलेल्या संख्येची निकड. थोड्याच काळात तक्रारी आणि अफवा यांनी मोहिमेला ग्रासले व स्त्रिया तिच्यापासून दूर पळू लागल्या. महालातील ज्या वैद्येने एका वृद्धाच्या पाण्याचा प्रत्येक घोट मोजला, तिच्याच खात्यात लाखो स्त्रियांच्या वेदना मोजण्यास माणूस नव्हते. ही विसंगती व्यक्तीच्या स्वभावातली नव्हे. खाटेजवळची दृष्टी खात्यात तशीच्या तशी नेता येत नाही; तिथे ती दृष्टी असलेली माणसे गावोगाव आधी निर्माण करावी लागतात. तेवढा धीर त्या काळच्या राज्ययंत्रापाशी नव्हता, आणि मंत्र्याने तो धरावयास लावला असे दिसत नाही. डॉ. रॉय मुख्यमंत्री असतानाही रोज सकाळी काही रोग्यांना फुकट तपाशीत. त्याने बंगालचे सारे रोगी बरे झाले नाहीत, परंतु मुख्यमंत्र्याचा हात रोजच्या रोज एखाद्या खऱ्या नाडीवर पडत राहिला. दिल्लीच्या मंत्रालयात तसा हात ठेवण्यास जागा नव्हती.

सुशीलाबाईंचे मोठेपण आम्हांस यानंतरच्या कार्यात दिसते. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामास महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. देशात खेड्यात उभारलेले हे पहिलेच वैद्यकीय महाविद्यालय होय. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांवरही एक प्रश्नपत्रिका असे. आल्याबरोबर विद्यार्थ्यांनी पंधरा दिवस आश्रमात राहावयाचे, अंगावर खादी घालावयाची आणि प्रत्येक तुकडीने एक खेडे आपलेसे मानून तेथील कुटुंबांची वर्षानुवर्षे देखभाल करावयाची, असा परिपाठ त्यांनी घालून दिला. मधल्या काळात त्यांचे इंदिरा गांधींशी बिनसले आणि १९७७ साली जनता पक्षातर्फे त्या पुन्हा झाशीतून निवडून आल्या. परंतु त्यानंतर राजकारणातून त्यांनी मन काढून घेतले. प्यारेलालांच्या १९८२ मधील निधनानंतर त्यांनी सुरू केलेले गांधीचरित्राचे खंड पुढे नेण्याचे काम सुशीलाबाईंनी शिरावर घेतले. संस्थेत त्यांना सारे 'बडी बहनजी' म्हणत. ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामासच त्यांचा अंत झाला.

सेवाग्रामच्या या प्रयोगावर आक्षेप घेता येतात. खादी घालून कोणी सेवाभावी होत नाही, आणि पंधरा दिवसांच्या आश्रमवासाने शहराची ओढ मावळत नाही. तेथून पदवी घेतलेले किती वैद्य खेड्यात राहिले, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. सक्तीने लावलेला साधेपणा कधी कधी नुसता गणवेश होऊन बसतो, हेही खरे. तथापि या प्रयोगामागील रोगनिदान अचूक होते, हे मान्य केलेच पाहिजे. ते पटवून घेण्यासाठी वर्ध्यास जाण्याची गरज नाही. स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर सकाळी थोडा वेळ उभे राहावे. भोर, सातारा, सांगली, सोलापूर, चहूकडून येणाऱ्या गाड्यांतून उतरणाऱ्यांत काही माणसे अशी असतात, की त्यांच्या हातात फोटोंचे मोठे पाकीट, बगलेत कागदांची पिशवी आणि बरोबर आधार देणारा मुलगा किंवा जावई असतो. ससूनचा रस्ता विचारीत ती पुढे जातात. जे दुखणे गावात पहिल्या आठवड्यात ओळखता आले असते, ते सहा महिन्यांनी शंभर मैलांवरून येथे येऊन दाखवावे लागते. आणि तेवढ्या अवधीत म्हैस विकली जाते, जमीन गहाण पडते. रोग्याने स्वारगेटास यावयाचे, की वैद्याने गावात जाऊन राहावयाचे, हा प्रश्न सुशीलाबाईंनी आपल्या महाविद्यालयाच्या पायाशी घातला. मंत्रालयात जो धीर सापडला नाही, तो त्यांनी येथे धरला: आकडे पुरे करण्याऐवजी माणसे तयार करण्याचा.

अशा रीतीने पाहिले म्हणजे त्यांच्या आयुष्याचे तीन भाग परस्परांपासून तुटलेले राहत नाहीत. आगाखान महालात त्या एका रोग्याजवळ होत्या आणि त्यांची दृष्टी तेथे पूर्ण होती. मात्र गुरूपुढे वैद्याचा आवाज दबला. दिल्लीत आवाजाला अधिकार मिळाला, परंतु रोगी दृष्टीआड गेला. सेवाग्रामास अधिकार थोडा होता आणि रोगी पुन्हा समोर आला. आणि आपली दृष्टी दुसऱ्यांच्या डोळ्यांत कशी उतरवावी, एवढाच उद्योग त्यांनी शेवटची तीस वर्षे केला. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळावर चरित्रकार कितीही पृष्ठे खर्ची घालोत, राजकारणी वैद्य म्हणून त्यांचे मोजमाप या अखेरच्या उद्योगावरूनच करावे लागेल.

म्हणून भावी चरित्रकारास आमची एवढीच विनंती आहे, की त्याने या बाईंचे वैद्यक पहिल्या प्रकरणात उरकू नये. त्यांच्या राजकारणातील यशाची व अपयशाचीही किल्ली त्यात आहे. आणि वाचकांस सांगावयाचे ते असे, की घरातील वडील माणसाच्या आजारात रात्री ज्यांनी जागून काढल्या आहेत, पुढे काय करावे याचा निर्णय भावंडांत करताना ज्यांचा जीव कासावीस झाला आहे, त्यांनी 'बापू की कारावास-कहानी' अवश्य वाचावी. महात्म्याच्या घरातही त्या निर्णयाची पंचाईत तितकीच बिकट होती, हे पाहून त्यांना थोडा धीर येईल. आणि जे प्रश्न लेखिकेने विचारले नाहीत, ते आपल्या घरी वेळीच विचारून ठेवण्याची बुद्धीही होईल.